वाडीपर्यंतच्या रस्त्यासाठी एक सही

सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण स्वच्छतेत देशात पहिले आलेले दोन जिल्हे जाहीर केले. डोंगराळ गटात हिमाचल प्रदेशातला मंडी आणि मैदानी गटात महाराष्ट्रातला सिंधुदुर्ग. हा मान जिल्ह्याने कष्टाने मिळवला होता आणि त्याचा आनंद मालवणपासून दोडामार्गापर्यंत सगळ्यांना झाला. पण आषाढात आंबोलीचा घाट चढलेल्या माणसाला एक प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. पाठीशी अख्खा सह्याद्री घेऊन बसलेला हा जिल्हा मैदानी कसा?

हा प्रश्न केवळ कागदाचा असता तर त्यासाठी आवाहन करण्याची गरज नव्हती. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. रस्ता मिळायला वस्तीत किमान ५०० माणसं हवीत, ही तिची मूळ अट. ठरावीक डोंगरी राज्यं, वाळवंटी भाग आणि अनुसूचित आदिवासी क्षेत्र यांच्यासाठी ती २५० वर आणलेली आहे. सिंधुदुर्ग या सवलतीत बसत नाही. मनोहरगडाच्या कुशीत किंवा चौकुळच्या पठाराच्या कडेला पंधरा-वीस घरांची वाडी असेल, तर ती ५०० च्या जवळपासही जात नाही आणि २५० च्याही नाही.

म्हणून हे आवाहन सरकारच्या आधी सिंधुदुर्गाच्या माणसांना आहे: मालवण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना, घाटाखालच्या गावकऱ्यांना आणि मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या चाकरमान्यांना. डोंगरातल्या वाड्यांपर्यंतचा शेवटचा एक-दोन किलोमीटरचा रस्ता अनेक ठिकाणी पैशाआधी सह्यांसाठी अडतो. त्या सह्या लोकांच्या हातात आहेत.

किनाऱ्यावरून पाहिलं तर जिल्ह्याची अलीकडची वाटचाल अभिमान वाटावा अशीच आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीच्या विमानतळावर विमान उतरलं. तारकर्ली-देवबागला सुट्टीच्या दिवसांत खोली मिळत नाही. याच देवबागच्या टोकाशी कर्ली समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातून उलट वर निघालं, की कुडाळ लागतं, पुढे माणगाव. टेंबे स्वामींचा जन्म १८५४ मध्ये माणगावात झाला. दत्तभक्तांची तिथे बारमाही ये-जा असते आणि तिथवरचा रस्ताही चांगला आहे. माणगाव मागे पडलं की दुकानवाड, वसोली, शिवापूर असं खोरं अरुंद होत जातं आणि समोर मनोहर-मनसंतोष गडांची जोडी उभी राहते. आग्र्याहून सुटून आल्यावर १६६७ मध्ये शिवाजी महाराजांचा मुक्काम मनोहरगडावर होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात याच डोंगरांनी बंडवाल्यांना आसरा दिला आणि जानेवारी १८४५ मध्ये इंग्रजांनी मनोहरगड घेतला. अवघड जागा म्हणून तेव्हा जी मोलाची होती, तीच जागा आज तिथे राहणाऱ्याला जड जाते.

या गावांना रस्ता नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. शिवापूरला एसटी जाते, चौकुळला जाते, आंबोलीशेजारच्या गेळ्यालाही जाते. पण कोकणातलं गाव घाटावरच्यासारखं एका जागी गोळा झालेलं नसतं. दहा-बारा वाड्या मिळून एक गाव, आणि एका वाडीपासून दुसरीपर्यंत मध्ये वहाळ, चढण आणि रान. डांबरी रस्ता देवळाजवळ किंवा मराठी शाळेजवळ पोचला की सरकारदरबारी गाव जोडलं गेलं. त्यापुढे धनगरवाडा आहे, वरची वाडी आहे, वहाळापलीकडची चार घरं आहेत. त्यांचा हिशेब तिथेच संपतो. संध्याकाळची वस्तीची गाडी शाळेजवळ थांबते आणि उतरलेली माणसं बॅटरीच्या उजेडात पायवाटेला लागतात.

पावसाळ्यात या पायवाटेचं काय होतं, ते आंबोली परिसराच्या पावसावरून समजावं. तिथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मृगाच्या आधी वाडीत बेगमी होते: तांदूळ, मीठ, चहा-साखर, तेल, आणि कुडाळच्या बुधवारच्या बाजारातून आणलेले सुके बांगडे, सुकट, गोलमो. किनाऱ्यावर वाळवलेली मासळी डोंगरातल्या घरात चार महिने कालवणाला आधार देते. वहाळावर लाकडाचा किंवा पोफळीच्या खोडांचा साकव घातला जातो. दोन-तीन खोडं शेजारी शेजारी, वर आडव्या फोकाट्या, हाताला धरायला वेल किंवा दोरी. मोठा हौर आला की साकव जातो. मग पाणी उतरेपर्यंत पोरं शाळेत जात नाहीत आणि डोंगरातलं दूध खाली येत नाही. माणगाव खोऱ्यात आंबेरीचा ठेंगणा पूल पाण्याखाली जाऊन गावांचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून आल्या. त्या बातम्या निदान मुख्य रस्त्याच्या होत्या. वाडीचा साकव वाहून गेल्याची बातमी होत नाही.

माणूस आजारी पडला, की डोली. आजही काही वाड्यांतून रुग्ण असाच खाली आणला जातो. प्लास्टिकची खुर्ची दोन बांबूंना सुंभाने घट्ट बांधायची, किंवा जाड चादरीची झोळी करून एकाच बांबूला अडकवायची. पुढे दोन, मागे दोन आणि खांदा बदलायला आणखी चार, म्हणजे आठ धडधाकट माणसं हवीत. उतारावर पुढच्यांनी बांबू वर उचलून धरायचा आणि मागच्यांनी वाकून चालायचं, म्हणजे रुग्ण घसरत नाही. शेवाळलेल्या जांभ्यावर एकाचा पाय सरकला तर सगळेच खाली. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे, पण ती डांबर संपतं तिथे उभी राहते. त्या आधी फोन लागायला हवा, आणि रेंजसाठी कुणीतरी सड्यावर चढायला हवं.

आता आठ माणसंच वाडीत उरलेली नाहीत. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना सिंधुदुर्गाची घटली. वरच्या वाड्यांत हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. घरं आहेत, अंगणं सारवलेली आहेत, पण राहणारी माणसं साठी ओलांडलेली. डोलीला खांदा कोण देणार, हा तिथल्या म्हाताऱ्यांचा रोजचा घोर आहे.

आजारही वाट पाहत नाहीत. २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडताप आढळला. रानातल्या गोचिडीतून होणारा हा ताप नेमका काजूच्या हंगामात येतो, जेव्हा अख्खं घर रानात असतं. त्यावर खास औषध नाही. वेळेत निदान, सलाईन आणि देखरेख यावरच माणूस वाचतो. सर्पदंशाचं आणि अडलेल्या बाळंतपणाचंही तेच. जिल्ह्याबाहेर न्यायची वेळ आली, तर नातेवाईक गोव्यातलं बांबोळी गाठतात. पण बांबोळीच्या वाटेवरचे सगळ्यात महागडे तास वाडी ते डांबर या तुकड्यावर खर्च होतात.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मालवण-देवगडच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. फोन बंद, नळाला पाणी नाही, रस्त्यावर माड आडवे. ते दिवस ज्यांनी काढले, त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. डोंगरातल्या वाड्यांवर तसे दिवस प्रत्येक पावसाळ्यात येतात. फरक एवढाच, की तिथे पाहणीला कुणी येत नाही.

मग रस्ता का होत नाही? याचं पहिलं उत्तर सातबाऱ्यावर आहे. कोकणात जमिनीचे तुकडे लहान आणि नावं पुष्कळ. पाच गुंठ्यांच्या एका वरकस तुकड्यावर तीस-चाळीस सहहिस्सेदार असतात. निम्मे मुंबईत, काही गुजरातेत, काही वारलेले आणि वारसनोंद न झालेली. रस्त्यासाठी जागामालकांची संमतीपत्रं लागतात. ग्रामपंचायतीने ठराव केला, निधीही आला, आणि अमक्या काकांच्या मुलांनी सही दिली नाही म्हणून निधी परत गेला, ही गोष्ट सिंधुदुर्गात कुठल्याही सरपंचाला विचारावी. सही न देण्यामागे दर वेळी वैर नसतं. भाऊबंदकीचा जुना राग असतो, ‘आमचा हिस्सा आधी मोजून द्या’ असा हट्ट असतो, आणि बहुतेक वेळा नुसती दिरंगाई असते. कागद दादरच्या किंवा डोंबिवलीच्या घरात टेबलावर पडून राहतो.

दुसरं उत्तर वनखात्याचं आहे. वाट वनजमिनीतून जात असेल तर काम थांबतं, आणि बहुतेक गावं ‘फॉरेस्ट देत नाही’ म्हणून गप्प बसतात. इथे कायदा गावाच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या कलम ३(२) नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची नळयोजना, वीज आणि दूरसंचाराच्या तारा, रस्ता अशा तेरा प्रकारच्या सोयींसाठी वनजमीन देता येते. जागा प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेने शिफारस केलेली असावी. एका वाडीच्या रस्त्याला एवढी जागा बहुधा पुरते. तीन मीटर रुंदीचा तीन किलोमीटर रस्ता एक हेक्टरच्या आतच बसतो. म्हणजे किल्ली ग्रामसभेकडे आहे. पण त्या ग्रामसभेला माणसं हवीत, बायका हव्यात, आणि ठराव नकाशासह नेमका लिहिलेला हवा. पाच-सहा जणांनी सह्या करून गुंडाळलेल्या सभेचा ठराव वरच्या कार्यालयात टिकत नाही.

काही जण विचारतात, दहा घरांसाठी एवढा खर्च कशाला, त्यांनाच खाली आणा ना. धनगरवाड्यातल्या माणसाची म्हसरं, त्याचा सडा, त्याची नाचणी-वरीची शेती खाली कुठे आणणार? आणि वरची माणसं उठली, की रान मोकळं होतं ते जमीन दलालांसाठी. चौकुळ, आंबोली, गेळे या गावांनी कबुलायतदार गावकरांच्या, म्हणजे गावाच्या सामाईक वहिवाटीच्या, जमिनीसाठी कित्येक वर्षं झगडा दिला. चौकुळातून कितीतरी माणसं सैन्यात गेली आणि निवृत्त होऊन पुन्हा त्याच पठारावर परतली. ज्यांना तिथे राहायचं आहे, त्यांना राहता आलं पाहिजे.

एक काळजी मात्र रास्त आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाजवळ सापडलेल्या माशाच्या नव्या जातीचा शोध २०२० मध्ये जाहीर झाला आणि ती जागा जैवविविधता वारसास्थळ ठरली. हे डोंगर साधे नाहीत. रस्त्याच्या नावाखाली चिरेखाणी, रबराच्या बागा आणि बंगल्यांच्या प्लॉटिंगला वाट करून देणं वाडीच्याही मुळावर येईल. म्हणून मागणी आटोपशीर असावी: रुग्णवाहिका चढेल एवढा तीन मीटरचा रस्ता, बाजूला पाणी वाहून जायला गटार, वहाळावर पक्का साकव. डोंगर कापणारा दुपदरी रस्ता कुणी मागितलेला नाही.

मुंबईतल्या ग्रामविकास मंडळांना एक वेगळी विनंती. देवळांचे जीर्णोद्धार, सभामंडप, गावाच्या कमानी या मंडळांनी उभ्या केल्या. वर्गणी गोळा करायची ताकद त्यांच्याइतकी कुणाकडे नाही. एका कमानीच्या खर्चात वाडीवाडीत घडीचं स्ट्रेचर, प्रथमोपचाराची पेटी, सौरदिवे आणि रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्या गाववाल्याच्या डिझेलची सोय होईल. निवृत्त भूमापक, ओव्हरसियर, तलाठी, वकील प्रत्येक मंडळात असतात. त्यांनी चार दिवस काढून वाडीची वाट मोजावी, गट नंबर लावून नकाशा करावा, ठरावाचा मसुदा लिहून द्यावा. मालवण-तारकर्लीच्या हॉटेलवाल्यांनी नाचणी, कोकम, मध शक्यतो डोंगरातल्या घरांकडून थेट घ्यावा आणि चौकुळसारख्या गावातल्या घरगुती मुक्कामाची माहिती आपल्या पाहुण्यांना द्यावी.

ग्रामसभा १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात, आणि गणपतीही साधारण याच दिवसांत येतात. त्या आठवड्यात सगळे सहहिस्सेदार एका माटवीखाली असतात. वर्षात दुसऱ्या कुठल्याही दिवशी ते जमत नाहीत. तेव्हा यंदा गावी निघताना पिशवीत आधारकार्ड आणि सातबाऱ्याचा ताजा उतारा ठेवा. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या. येणं जमत नसेल तर भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून पाठवा. आरती झाली की वाडीच्या रस्त्याचं संमतीपत्र मधोमध ठेवा, सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो कागद स्वतः हजर राहून सरपंचांच्या हाती द्या.