आधी प्लग काढा, मग मासे आणा

मंडळी, आज जरा भांडायचंय.

घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटलं की दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. पहिला म्हणतो, "नवीन आहेस ना, मग सम्पच्या भानगडीत पडूच नकोस. ते अनुभवी लोकांचं काम." दुसरा म्हणतो, "सर, टेन्शनच घेऊ नका. रेडीमेड सम्प बसवून देतो, उद्या मासे सोडा." माझ्या मते दोघंही चुकतात, आणि दुसरा जास्त. त्याचं ऐकून मी खालच्या मजल्यावरच्या काकूंचं छत भिजवून बसलोय, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे :)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सम्प म्हणजे मुख्य टाकीखाली, कपाटात ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून आपोआप खाली उतरतं, गाळायची पिशवी, प्रोटीन स्किमर, सिरॅमिक रिंग्ज अशा कप्प्यांतून जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर ढकलतो. सोसायटीची खालची आणि वरची टाकी डोळ्यांसमोर आणा, झालं.

तर झालं असं. माझी टाकी ९० × ४५ × ४५ सेंमी. सम्प ६० × ३० × ४० सेंमी. दुकानदाराने सम्पमध्ये २८ सेंमीपर्यंत पाणी भरलं ("जेवढं जास्त तेवढं चांगलं सर") आणि परतीच्या पाइपचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली १० सेंमीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोन क्लाउनफिश आले. मग आला गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे देखभालीसाठी लाइट जायचा वार. मी ऑफिसात, पंप बंद, आणि त्याच पाइपातून सायफन होऊन वरचं पाणी उलटं खाली यायला लागलं. पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत ते थांबणार नव्हतं.

हिशोब शाळेतला आहे. वरच्या टाकीत १ सेंमी पाणी म्हणजे ४ लिटर. १० सेंमी म्हणजे ४० लिटर. सम्पमध्ये रिकामी जागा १२ सेंमी, म्हणजे जेमतेम साडेएकवीस लिटर. उरलेलं १८-१९ लिटर पाणी आधी माझ्या हॉलमध्ये आणि मग काकूंच्या पीओपीत. त्यांचा फोन आला, "अरे, वरून पाणी गळतंय, आणि यांनी बोट लावून चाखलं तर खारट लागलं! काय उद्योग चाललेत रे तुझे?"

काकूंची माफी मागितली, रंगाचे पैसे दिले. पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. सर्व्हर पडला तर काय, यावर आम्ही तासन् तास मीटिंगा घेतो. आणि घरात दोनशे लिटर पाणी लावताना मी एकदाही प्लग काढून बघितलं नाही! टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शन.

म्हणून माझा मुद्दा साधा आहे. सम्पची मापं फिल्टरवरून नाही, लाइट गेल्यावर काय होईल त्यावरून ठरवा. परतीचं तोंड पाण्याखाली दोनच सेंमी ठेवा, म्हणजे ८ लिटर आणि शिवाय पाइपांत असेल तेवढंच पाणी उतरेल. सम्पमध्ये पाणी २० सेंमीच ठेवा, ३६ लिटर जागा मोकळी राहील. उलटा बिघाडही बघा. ओव्हरफ्लो तुंबला तर पंप शेवटचा कप्पा उपसून वर ओतणार. त्या कप्प्यात १२ लिटर पाणी असेल तर वर काठाखाली निदान ४ सेंमी जागा हवीच.

यावर दुकानदाराचं ठरलेलं उत्तर: "नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावू ना सर." अहो, त्यात क्षार साचतात, शेवाळ धरतं आणि नेमका त्या दिवशी तो नीट मिटत नाही. लावायचा तर लावा, पण भरवसा रिकाम्या जागेवर ठेवा. रिकामी जागा बिघडत नाही.

आता पहिल्या सल्लागाराकडे वळतो. नवख्याला सम्प नको म्हणे! अहो, चुका नवखाच करतो ना? पाणी जितकं जास्त, तितकी चूक पातळ होते. शिवाय बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. सम्प असला की वरची पातळी हलत नाही, सगळी घट शेवटच्या कप्प्यात दिसते. तिथे मार्करने रेघ मारा आणि रोज रेघेपर्यंत साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही. सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास टिकते. स्किमरलाही हीच स्थिर पातळी लागते, त्याचा कप्पा म्हणूनच वेगळा.

आणखी एक गोष्ट. परदेशी व्हिडिओ बघून प्रवाळाचे दगड शोधत फिरू नका. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. बॅक्टेरियाला घर द्यायला सिरॅमिक रिंग्ज पुरतात, आणि त्यांना जागा सम्पमध्येच मिळते.

राहिले मासे. माझे दोघे त्या गुरुवारी वाचले. रविवारी दोघंही गेले. पाण्यात अमोनिया साचला होता. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर सगळ्यात महागडा सम्पसुद्धा नुसती काचेची पेटी. "सहा आठवडे रिकामी टाकी कोण बघत बसेल?" असं दुकानदार विचारतो. ज्याला जमत नसेल त्याने मासे पाळू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. नीट सांभाळलेला क्लाउनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो. माझे पाच दिवस जगले.

तेव्हा शनिवारी सम्प लावा, खारं पाणी भरा, पंप चालू करा आणि स्वतःच्या हाताने प्लग काढा. टॉवेल घेऊन समोर बसा. असं तीनदा करा, एकदा ओव्हरफ्लोच्या तोंडात मुद्दाम बोळा कोंबूनही बघा. फरशी कोरडी राहिली तर टाकीत एक कोळंबी सोडून कुजू द्या आणि टेस्ट किट घेऊन थांबा. अमोनिया वाढून परत शून्य, नायट्राइटही शून्य, मगच मासा. तोही हॅचरीतला मागा. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे होते, समुद्रातून पकडलेला आणायची गरज नाही.

माझी टाकी सध्या चौथ्या आठवड्यात आहे. आत पाणी, रिंग्ज आणि पंपाचा आवाज, बाकी काही नाही. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "मासे कुठेत?" परवा गुरुवारी लाइट गेली, तेव्हा मी घरीच होतो. सम्प साडेचार सेंमी चढला आणि थांबला. खाली जाऊन काकूंना सांगून आलो. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पण मासे आणलेस की आधी सांग हो, म्हणजे बादली काढून ठेवते."