चिकटणारी वीज, गाणारी वीज

थंडीच्या दिवसांत टेरिकॉटचा शर्ट डोक्यावरून काढताना चटचट आवाज येतो ना? अंधारात काढलात तर बारीक ठिणग्याही दिसतात. आजी म्हणते, "अरे, अंगात वीज आली तुझ्या!" आजीचं अगदी बरोबर आहे. ही तीच स्थिर वीज, जिच्यामुळे केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. आज आपण या विजेच्या दोन नोकऱ्या पाहू. एका ठिकाणी ती नकोशी पाहुणी आहे, तर दुसऱ्या ठिकाणी तिच्यावाचून पान हलत नाही.

चला तर कशेळीला. ठाण्याहून भिवंडीकडे निघालं, बाळकुम मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला, की कशेळी येतं. पुढे काल्हेर, मग पूर्णा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठाली गोदामं आणि दिवसरात्र ट्रकची ये-जा. आणखी पुढे भिवंडी शहर, म्हणजे यंत्रमागांचं गाव. खटाखट, खटाखट! धोटा इकडून तिकडे धावतो, उभ्या ताण्यातून आडवा बाणा विणला जातो, आणि कापडाचा तागा गुंडाळला जातो.

आता पाहा गंमत. मागावर सूत सतत कशाला ना कशाला घासत असतं. घासलं की प्रभार आलाच. कापसाच्या सुताला त्याचा फारसा त्रास होत नाही, कारण कापूस हवेतली ओल धरून ठेवतो. १०० ग्रॅम कोरड्या कापसात साधारण साडेआठ ग्रॅम ओल मुरते, आणि ओलीतून प्रभार निसटून जातो. पण पॉलिएस्टर? ते १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅमसुद्धा ओल धरत नाही! प्रभार तिथेच अडकून बसतो. मग धागे फुलारतात, तंतू एकमेकांना चिकटतात, धागा तुटतो, माग थांबतो. म्हणून कापड विणण्याच्या कारखान्यांत हवा दमट ठेवण्याची धडपड असते. विणकराला ही वीज लवकरात लवकर जायला हवी असते.

आता दुसरी नोकरी. तुमचा नेहमीचा हेडफोन उघडून पाहिला, तर आत एक चुंबक, तारेचं एक बारीक वेटोळं आणि त्याला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा दिसेल. वेटोळ्यातून गाण्याची वीज वाहते, चुंबक त्याला मागेपुढे ढकलतो, त्याच्याबरोबर पडदा हलतो आणि हवा थरथरते. हाच आवाज. पण पडद्याला ते वेटोळं वाहून न्यावं लागतं. पाठीवर दप्तर घेऊन लंगडी घालण्यासारखंच की हे!

इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे स्थिर विजेवर चालणाऱ्या हेडफोनात हे दप्तरच नसतं. त्यात एक अतिशय पातळ पडदा असतो, एक-दोन मायक्रॉन जाडीचा. तुमच्या डोक्याचा केस त्याहून कित्येक पटींनी जाड! हा पडदा दोन जाळीदार पत्र्यांच्या मधोमध ताणून बसवतात आणि त्याला शेकडो व्होल्टचा प्रभार देतात. स्टॅक्स या जपानी कंपनीच्या आजच्या हेडफोनांत हा दाब ५८० व्होल्ट असतो. मग दोन्ही पत्र्यांना गाण्याची वीज उलटसुलट देतात. एक पत्रा पडद्याला ओढतो, त्याच वेळी दुसरा ढकलतो. क्षणात उलट. पडद्यावर सगळीकडून सारखाच जोर पडतो आणि तो हलकाही असतो, त्यामुळे तबल्याची चाटी काय, तानपुऱ्याच्या तारेची गुंज काय, बारीकातली बारीक थरथर तो उचलतो.

ही कल्पना नवी नाही बरं का! १९५७ साली इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने या तत्त्वावरचा मोठा स्पीकर बाजारात आणला. १९६० साली स्टॅक्सने तेच तत्त्व कानांवर बसवलं.

तुम्ही म्हणाल, "मग आम्हाला का नाही घेत असा हेडफोन?" बाबांचा चेहरा बघूनच उत्तर कळेल! या हेडफोनांच्या दुनियेत ज्याला 'परवडणारा' म्हणतात, तोसुद्धा खिशाला चांगलाच जड जातो. शिवाय तो मोबाइलला थेट लागत नाही. त्याला शेकडो व्होल्टचा दाब पुरवणारा वेगळा डबा लागतो आणि तो डबा बहुधा भिंतीतल्या प्लगला जोडावा लागतो. गाणं ऐकत अंगणात फिरणं बंद!

या अडचणीवर एक सुरेख तोड निघाली. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी १९६२ साली प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात प्रभार कायमचा कोंडून ठेवला. चुंबकात जसं चुंबकत्व मुरलेलं असतं, तसा या पापुद्र्यात प्रभार मुरलेला. याला 'इलेक्ट्रेट' म्हणतात. आता शेकडो व्होल्टचा डबा नको! याच युक्तीने काही स्वस्त हेडफोन निघाले. आणि मायक्रोफोन तर विचारूच नका. टेलिफोन, टेपरेकॉर्डर, कानाची श्रवणयंत्रं यांतून ही युक्ती घरोघर पोचली.

समजा, असा हेडफोन कशेळीतल्या एखाद्या घरात आला. त्याच्याबरोबर राहायचं कसं? आपल्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने ओल. विणकराला हवीशी असलेली हीच ओल इथे शत्रू ठरते! पडद्यावरचा प्रभार तिच्यातून गळतो आणि एका कानाचा आवाज बारीक होतो. दुसरा शत्रू धूळ. प्रभार असलेला पडदा कंगव्यासारखाच धूळ ओढतो आणि मग कानात चरचर ऐकू येते. म्हणून ऐकून झालं की हेडफोन पुसायचा, झाकून कोरड्या डब्यात ठेवायचा. तो डबा कधीही उघडायचा नाही आणि असलं यंत्र घरी बनवायच्या भानगडीत पडायचं नाही. शेकडो व्होल्ट म्हणजे खेळ नव्हे.

पण सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. या हेडफोनांना बहुधा बाहेरून जाळीच असते. बाहेरचा ट्रक, शेजारचा माग, कुकरची शिट्टी, सगळं आत येतं. ते बुडवायला आपण काय करतो? आवाज वाढवतो. नेमकं इथेच नुकसान होतं, आणि ते हेडफोनचं नव्हे, कानाचं.

आपल्या कानात आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग आहे. त्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाची थरथर मेंदूपर्यंत पोचवायचं काम त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की मेल्या. पाखरांच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ८० डेसिबल आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. तेवढ्याच तासांसाठी मुलांची मर्यादा ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा करायचा. म्हणजे ९० डेसिबलला मोठ्या माणसाचे आठवड्यातले ४ तास उरले आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटं. मागांच्या शेडमध्ये ९० डेसिबलच्या वरचा आवाज रोजचाच असतो. तिथे आठ-आठ, बारा-बारा तास उभे राहणारे कारागीर घरी आल्यावर मोठ्याने का बोलतात, कळलं? तुमच्या घरात असे कुणी काका, आजोबा असतील तर हसू नका. त्यांच्या कानाशी नको, समोर येऊन सावकाश, स्पष्ट बोला. आणि जे अजून मागावर जातात, त्यांना कानात घालायचे बोळे आणून द्या. त्याला फार पैसे पडत नाहीत.

पालकांनाही एक सांगणं. मुलाने महागडा हेडफोन मागितला, तर हो-नाही म्हणण्याआधी दोघांनी मिळून घरातली सगळ्यात शांत जागा आणि शांत वेळ शोधा. पहाट असेल, दुपार असेल. तिथे साधा हेडफोन लावून पाहा. आवाज साठ टक्क्यांच्या आतच ठेवा. हातभर अंतरावरून हाक मारलेली ऐकू आली नाही, तर आवाज जास्त आहे असं समजा. रस्त्यावरच्या घरात जाळीच्या महागड्या हेडफोनपेक्षा कान नीट झाकणारा साधा हेडफोन बरा, कारण तो हळू आवाजात ऐकू देतो.

आता तुमच्यासाठी प्रयोग. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या कापा. दोन्ही सुती कापडावर खसाखसा घासा आणि वरची टोकं एकत्र धरून लोंबत सोडा. खालची टोकं एकमेकांपासून दूर पळतात, कारण दोघींवर एकाच जातीचा प्रभार आहे. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचा पडदा याच जोरावर गातो! पट्ट्या किती वेळ दूर राहतात ते घड्याळ लावून वहीत लिहा. पावसाळ्यात एकदा करा, थंडीत एकदा करा. दोन्ही आकडे शेजारी मांडलेत, की विणकर कशावर खूश असतो आणि हेडफोन कशावर, हे तुम्हीच इतरांना समजावून सांगाल.