लगेच का सोडताय?

गुरुग्रामच्या एका कंपनीत मला रुजू होऊन साडेतीन महिने झाले होते, आणि मी दुसरीकडे मुलाखत देत होते. “आत्ताच तर लागलात, लगेच का सोडताय?” मी घाबरून खोटं बोलले. घरची अडचण, म्हणाले. पुढचा प्रश्न तयारच होता: “घरी कोण कोण असतं? वडील काय करतात?” घराचा विषय मीच काढला होता, आता चौकशी नको कसं म्हणणार? सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांच्या २००७ मधल्या अभ्यासात भरती करणारे अधिकारी गुणवत्तेच्या गप्पा मारतात आणि उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ही तपासतात. तो दरवाजा आपण आपल्या हातानं उघडू नये.

दुसऱ्या ठिकाणी सगळं खरं सांगितलं. डब्याच्या वेळी आडनावावरून झालेली विचारपूस, “कोट्यातून ना?” हे हसत हसत विचारणं, त्यानंतर क्लायंटचे कॉल माझ्याकडून काढून घेणं. समोरच्या मॅडमनी मान हलवली, पाणी दिलं. नंतर मेल आला नाही. मुलाखत घेणारा माणूस न्याय द्यायला बसलेला नसतो, हे मला तिथे कळलं.

“सीव्हीतून ही नोकरीच गाळ,” असं मैत्रिणींनी सुचवलं. पण पीएफच्या पासबुकात कुठल्या कंपनीनं कुठल्या महिन्यात पैसे भरले ते दिसतं. चौकशीत सापडलात तर खोटारडे ठरता, आणि तो शिक्का आपल्यावर जरा लवकरच बसतो.

तिसऱ्या वेळी एवढंच बोलले: “मला डेटा ॲनालिसिससाठी घेतलं होतं. ते काम दिलं गेलं नाही. दोनदा मेल करून विचारलं. तुमच्याकडे तेच काम आहे, म्हणून आले.” यातलं एकही वाक्य खोटं नाही. मग गप्प बसले. ही गप्प बसण्याची कला आपल्याला कुणी शिकवत नाही. आपण समजावत राहतो, जणू गुन्हा आपणच केलाय.

हे अपमान गिळणं झालं का? थोडं झालंच, आणि ते मला टोचतं. म्हणून तारखा, मेल, कोण कुणासमोर काय बोललं, हे सगळं घरच्या वहीत उतरवलंय. ॲट्रॉसिटीच्या तक्रारीत अपमान चारचौघांसमोर झाला का, याला महत्त्व असतं. ती लढाई लढायची तर तिची जागा वेगळी आहे.

लवकर नोकरी सोडणं म्हणजे धरसोड, असं कुणी ऐकवलं की मला १९१७ चं बडोदं आठवतं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब संस्थानच्या नोकरीत होते. जात कळल्यावर अकराव्या दिवशी त्यांना पारशी सरायीतून बाहेर काढलं, आणि राहायला जागा न मिळाल्यानं ते मुंबईला परतले. पुढच्याच वर्षी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. आजच्या एचआरनं त्या सीव्हीवर कुठे बोट ठेवलं असतं, सांगायला नको.

मुलाखतवाल्यांना चार वाक्यांत सांगता येतं. बाबांना नाही. त्यांनी नगरपालिकेच्या सफाई खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली. रागावून नोकरी सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं. दर रविवारी फोनवर विचारतात, “पर्मनंट झालीस का गं?” मी अजून “होईल” एवढंच म्हणते.