परिमाणाचा आनंद



उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले-नातवंडे एकत्र जमली की मनोरंजन उद्यानाचा बेत हमखास ठरतो. दहा-बारा जणांचा काफिला निघतो आणि त्यात एक ज्येष्ठ व्यक्ती अशी असते, जी दिवसभर बाकावर बसून सर्वांच्या पिशव्या, चपला आणि मोबाइल सांभाळते. फिरत्या पाळण्यांचे तिला आकर्षण नसते, गोंगाट सोसवत नाही आणि तिकिटाचा दर ऐकताच मनातल्या मनात हिशेब सुरू होतो. या बाकाचा अनुभव मला बऱ्याच वर्षांचा असल्याने आज त्याविषयीच लिहीत आहे.

आपल्या अनास्थेमागे वयाइतकेच संस्कारही आहेत. जिथे पाणी गाळून पितात आणि पाण्याच्या थेंबात अप्‌कायिक जीव मानतात, अशा घरात वाढलेल्या माणसाला जलक्रीडेच्या घसरगुंड्या पाहून उल्हास वाटणे कठीणच. नागपूरजवळच्या बाजारगावाविषयी ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २००५ साली लिहिले होते. एकीकडे पाण्यासाठी तहानलेले गाव आणि तेथेच घसरगुंड्या व कृत्रिम बर्फाचा घुमट असलेले उद्यान, असे ते चित्र होते. त्यात भर पडते ती रात्रीच्या जेवणाची आणि कंदमुळांची. तेव्हा आपले आक्षेप म्हणजे म्हातारपणीची कुरकुर नव्हे. त्यांना आधार आहे.

मात्र या उद्यानांचा इतिहास वाचताना दोन गोष्टींपाशी मी थबकलो. अमेरिकेत ला मार्कस थॉम्पसन नावाचे एक धर्मनिष्ठ गृहस्थ होते. तरुण पिढी मद्यालयांकडे वळते याचे त्यांना दुःख होते. लोकांना काही निरुपद्रवी करमणूक मिळावी म्हणून त्यांनी १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे उतारावरून धावणारी गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर आणि भाडे पाच सेंट. आजच्या रोलर कोस्टरच्या पूर्वजांत या गाडीला मानाचे स्थान आहे. दुसरी गोष्ट वॉल्ट डिस्ने यांची. त्यांच्या मुली चक्रीपाळण्यात बसत आणि ते स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसून राहत. आईवडील आणि मुले यांना एकत्र आनंद घेता येईल अशी जागा का असू नये, हा विचार आपल्याला तेथेच सुचला, असे ते सांगत. पुढे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. ज्या बाकावर आपण बसतो, तशाच एका बाकावर या साऱ्याची कल्पना जन्मली, हे वाचून मला मौज वाटली.

आता आपल्या घरच्या शास्त्राकडे वळू. श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग परिमाण व्रत आहे. त्यातील ‘परिमाण’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. सर्वत्याग हा साधूंचा मार्ग. गृहस्थाला शास्त्राने माप दिले. किती, केव्हा आणि कशासाठी, हे आधी ठरवावे आणि ठरवले ते पाळावे. व्यापारी कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगायला नको. उधारीची मर्यादा गिऱ्हाईक दारात येण्यापूर्वी ठरलेली असावी लागते. ते समोर बसल्यावर ठरवू म्हटले तर ती मर्यादा राहत नाही.

गेल्या वर्षी खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात जाण्याचे ठरले, तेव्हा आम्ही हेच माप लावले. २०१३ साली सुरू झालेले हे उद्यान पुण्यात स्थायिक झालेल्या आपल्या मुलांना सोयीचे पडते. जलउद्यान वगळायचे, प्रत्येकाने पाचच राइड निवडायच्या, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे आणि कंदमूळविरहित जेवणाची चौकशी आधीच फोनवर करायची, असे चार नियम कागदावर लिहिले. त्यावर सर्वांच्या सह्या झाल्या. दहा वर्षांच्या नातीने तर दिनांकही घातला.

माप ठरल्यामुळे एक बदल घडला. दिवसभर ‘आता पुरे’ म्हणत राहण्याचे माझे काम संपले आणि मी मोकळेपणाने पाहू लागलो. तेथे ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’ नावाची राइड आहे. राजासॉरस हा खराखुरा भारतीय डायनोसॉर; गुजरातेत सापडलेल्या त्याच्या अवशेषांचे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या शेजारच्या जबलपूरला सापडलेल्या दुसऱ्या एका डायनोसॉरचे नाव तर ‘जैनोसॉरस’ आहे. सोहनलाल जैन या भारतीय जीवाश्मतज्ज्ञांच्या सन्मानार्थ ते दिले गेले. हा प्राणी शाकाहारी होता, हे कळल्यावर नातवंडांच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

रोलर कोस्टरसमोर उभे असताना नातीने विचारले, “आजोबा, पहिलीच टेकडी सगळ्यांत उंच का?” मी म्हणालो, “कारण भांडवल तेवढेच आहे.” साखळी गाडीला एकदा वर ओढून नेते. त्यानंतर इंजिन नसते. मिळवलेल्या उंचीवरच सगळा प्रवास होतो. घर्षण आणि हवा प्रत्येक वळणावर आपली दलाली कापून घेतात, म्हणून पुढची कोणतीही टेकडी पहिलीइतकी उंच ठेवता येत नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे गाडी उधार घेत नाही.” रक्तदाबामुळे मी त्या गाडीत बसलो नाही. तरीही तो अर्धा तास मला पुरेपूर मिळाला.

या साऱ्यात पणाला लागते ते तिकिटाच्या पैशांहून मोठे आहे. मुले उद्यानात जाणारच, आपण सोबत असू किंवा नसू. केवळ नकार देणाऱ्या आजोबांना पुढच्या खेपेस कोणी विचारत नाही आणि मग त्या घरात माप सांगणारेही कोणी उरत नाही. संयम शिकवायचा, तर मुलांच्या आनंदाच्या ठिकाणी आपली उपस्थिती हवी.

मी राहतो त्या वसाहतीचे नाव नंदनवन. आपल्या शास्त्रातील मेरुपर्वतावरही हे नाव आहे: पायथ्याशी भद्रशाल वन, त्याच्या वर नंदनवन, मग सौमनस आणि शिखराशी पांडुक वन, जेथे तीर्थंकरांचा जन्माभिषेक होतो. वर जाणाऱ्याला नंदनवन वाटेतच लागते. तेथे मुक्काम करू नये, पण डोळे मिटून ओलांडण्याचेही कारण नाही. येत्या सुट्टीचा बेत ठरेल, तेव्हा नियमांचा कागद मुलांनाच लिहू द्या आणि सही करणाऱ्यांत आपलेही नाव असू द्या.