कुंपण आणि कागद

अंबरनाथ तालुक्यांतील नेवाळीची हकीकत आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांस ठाऊक आहेच. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें विमानांच्या धावपट्टीसाठीं तेथील जमिनी घेतल्या. युद्ध 1945 सालीं संपलें; जमीन परत आली नाहीं. जून 2017 मध्यें नौदलानें तीस कुंपण घालावयास घेतलें, तेव्हां शेतकरी रस्त्यावर उतरला. पोलिसांच्या गाड्या पेटल्या, पुष्कळांचीं डोकीं फुटलीं. सरकार म्हणतें, जमीन संरक्षण खात्याची; शेतकरी म्हणतो, ती युद्धापुरतीच घेतली होती. आम्ही विचारतों, त्या वेळचा कागद आमच्या आजोबांपैकीं किती जणांस वाचतां येत होता?

हा तंटा नवा नव्हे. पांचशें वर्षांपूर्वीं जर्मनींतही सरदारांनीं गांवचीं रानें व कुरणें गिळलीं होतीं. तेथें छापखाना निघाला होता. 1517 सालीं मार्टिन ल्यूथरनें पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकणाऱ्या धर्माधिकाऱ्यांस जाब विचारला. 1522 सालीं बायबलाचा नवा करार लोकभाषेंत आणला. शेतकऱ्यास वाटलें, आपला कैवारी जन्मला!

1525 सालीं मेमिंगेन शहरीं शेतकऱ्यांच्या बारा मागण्या लिहिल्या गेल्या. लिहिणाऱ्यांत सेबास्टियन लोत्सर हा लोकरी कातडीं शिवणारा कारागीर होता. मागणें काय? गुलामी नको, कुरण परत द्या, नदींतला मासा आम्हांसही धरूं द्या, आमचा धर्मगुरु आम्हीच निवडूं. ह्या मागण्या छापून देशभर गेल्या. ल्यूथरनें आधीं सरदारांचेही कान उपटले. पण बंड पेटतांच, शेतकऱ्यांस ठार मारा, असें त्यानेंच लिहिलें. हजारों शेतकरी कापले गेले. धर्म सुधारला, विद्या वाढली, परंतु नांगर धरणाऱ्याची मान जोखडांतच राहिली!

बांधवांनो, ह्यांतून काय घ्याल? जाळपोळीनें जमीन येत नाहीं, गोळी मात्र येते. पुढारी कितीही आपला म्हणवो, कुंपणाच्या कोणत्या बाजूस उभा आहे तें आधीं पाहा. आणि लोत्सर घरोघरीं तयार करा. जोतीराव व सावित्रीबाईंनीं 1848 सालापासून पुण्यांत मुलींस शिकविलें, तें भिंतीवर प्रमाणपत्र टांगण्यासाठीं नव्हे. बदलापुरापर्यंत शेतांचे आतां चौरस फूट झाले आहेत. पेटींतला सातबारा व जुने फेरफार आजच बाहेर काढा, शिकलेल्या लेकीकडून मोठ्यानें वाचून घ्या. न वाचलेल्या कागदावर सही करणें म्हणजे आपल्याच हातानें कुंपणाचा पहिला खांब रोवणें होय!