पळवून काढलेला फोटो



थंडी पडली की आमच्या पिंपळीच्या आसपास दोन प्रकारचे पाहुणे येतात. पहिले पंखवाले, ते थेट उजनीच्या पाण्यावर उतरतात. दुसरे पुण्या-मुंबईहून कॅमेऱ्याच्या बॅगा पाठीला लावून येतात, आणि त्यांत आमची भाचेमंडळीही असतात! पहाटे चहा घेऊन भिगवणकडे निघायचं, दुपारी घरी पिठलं-भाकरी, संध्याकाळी शिरसुफळ नाहीतर कडबनवाडीच्या माळावर चिंकारा, आणि नशिबात असेल तर लांडगा. रात्री जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून फोटो बघायचे. मला हा प्रकार मनापासून आवडतो, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढचं वाचून एखादा भाचा रुसायची शक्यता आहे.

फोटोंनी आमच्या भागाचं भलंच केलंय. बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस येतो. नीरा डाव्या कालव्याखालचा आमचा पट्टा तसा आहेही. पण कालव्याचं पाणी जिथे पोचत नाही, तिथे माळ सुरू होतो. या माळाला सरकारी नकाशात बऱ्याचदा 'पडीक' म्हणतात, आणि आपणही तेच म्हणत आलो. सह्याद्रीचा कडा दिसला की कॅमेरे बाहेर निघतात, माळ दिसला की गाडीच्या काचा वर जातात. पडीक म्हटलं की मग त्यावर काहीही करायला मोकळीक. चर खणा, झाडं लावा, मुरूम काढा!

त्या 'पडीक' जागेत काय काय राहतं ते लोकांना दाखवलं कुणी, तर फोटो काढणाऱ्यांनी. कुसळी गवतात उभा चिंकारा, खोकडाची पिल्लं, धाविक पक्षी, पावसाळ्यात जमिनीलगत फुलणारी निळी विष्णुक्रांता, पिवळाधमक तरवड. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं. 1997 साली ते चिंकाऱ्यांसाठी राखलं गेलं. त्याबाहेरचा माळ मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हता. अलीकडे, 2024 पासून, वनखात्याने कडबनवाडी आणि शिरसुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. गावातल्या पोरांना वाटाडे म्हणून काम मिळालं. फोटो नसते तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

तर मग तक्रार कसली?

सांगतो. गेल्या हिवाळ्यात एका माळावर उभा होतो. लांबवर चार चिंकारे चरत होते. एक जीप आली, वाट सोडून गवतात शिरली आणि सरळ त्यांच्या रोखाने निघाली. चिंकारे पळाले. जीपही वळली. ते थांबले की ही पुढे, ते पळाले की ही मागे. दहा-बारा मिनिटं हेच चाललं होतं. वरच्या टपातून दोन भल्यामोठ्या लेन्स बाहेर आलेल्या. फोटो छानच आले असणार. चारही पाय हवेत, मागे उडालेली धूळ, तिरपं सोनेरी ऊन. खाली 'स्वच्छंद' असं काहीतरी लिहिलंही गेलं असेल.

मंडळी, तो चिंकारा स्वच्छंद नव्हता हो, तो जीव घेऊन पळत होता!

आपला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या दिली आहे आणि ती प्रत्येक कॅमेरेवाल्याने एकदा तरी वाचावी. मारणं, पकडणं त्यात आहेच. पण जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, आमिष दाखवणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं, हेही शिकारीतच धरलंय. चिंकारा आणि लांडगा हे दोघेही त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. मी काही वकील नाही, फोटोसाठी गाडी मागे घातली तर कोर्ट काय म्हणेल ते कोर्टाला ठाऊक. पण कायदा लिहिणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती, की पळणाऱ्या जनावराला मागच्या माणसाच्या हातात काय आहे याने फरक पडत नाही.

जंगलात निदान आडोसा तरी असतो. वाघाला कंटाळा आला की तो झाडीत शिरतो, खेळ खलास. माळावर लपायला काय आहे? गुडघ्याएवढं गवत आणि एखादी बोर-बाभळीची जाळी. म्हणून माळावर थांबायची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

लांडग्याचं तर आणखी अवघड. त्याची पिल्लं थंडीच्या दिवसांत होतात, म्हणजे नेमकी आपल्या हंगामात. बिळाजवळ माणसांची ये-जा वाढली की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. त्या हलवाहलवीत गावकुत्री गाठतात, कधी रस्ता आडवा येतो. बिळाची जागा एका ग्रुपवर गेली की आठवड्यात दहा गाड्या हजर. आणि धनगरांना विचाराल तर त्यांचं आणि लांडग्याचं भांडण पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. मेंढरू गेलं तर पोटाला चिमटा त्यांना बसतो, तरी लांडगा अजून याच माळावर आहे. त्याला आता शहरातल्या प्रेमाने हुसकावायचं का?

उजनीवरही तेच. तिथले बरेच नावाडी मूळचे मच्छीमार, त्यांना पक्ष्यांच्या सवयी पाठ असतात. थव्याच्या किती जवळ जायचं हे ते बरोबर जाणतात. पण नावेतला पाहुणा म्हणतो, 'भाऊ, जरा अजून पुढे घ्या ना, उडताना पाहिजे.' रोहित पक्षी उथळ पाण्यात मान उलटी करून चिखल गाळत खात असतो. उडायचं तर आधी पाण्यावरून धावावं लागतं. प्रत्येक नावेसाठी एकदा उडायचं म्हटलं तर त्याने खायचं कधी? तिथेच हिवाळ्यात पट्टकादंब हंस येतात. हिमालय ओलांडून आलेल्या त्या जिवाला आपल्या फोटोसाठी पुन्हा उठवायचं, हे कुठल्या पाहुणचारात बसतं?

कास पठारावर तर पळायलाही कुणी नाही. खडकावर मातीचा पातळ थर, त्यात सीतेची आसवं फुललेली, आणि फुलांच्या मधोमध आडवं पडून कुणीतरी फोटो काढून घेतोय. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचंही नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आता तिथे पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागते, यातच काय ते आलं.

यावर कुणी म्हणेल की एवढे नियम पाळून चांगला फोटो मिळतच नाही. मला हे पटत नाही. गाडी वाटेवरच ठेवून, इंजिन बंद करून तास-दीड तास बसलं तर माळ हळूहळू आपल्याला विसरतो. पखुर्ड्या जवळ येऊन दाणे टिपतात, खोकड बिळातून बाहेर येऊन चक्क अंग खाजवत बसतं. हे फोटो 'थरारक' नसतात, त्यांना लाइक्सही कमी मिळतात. पण त्यांत ते जनावर खरं कसं जगतं ते दिसतं. पळवलेल्या जनावराच्या फोटोत फक्त आपण त्याला कसे दिसतो तेवढंच कळतं.

लाइक्सवरून आठवलं. खरी मेख तिथेच आहे, आणि त्यात फोटो न काढणारे आपणही सामील आहोत. 'वा!', 'जबरदस्त!', 'कुठला कॅमेरा?', 'कुठे मिळाला?' एवढंच आपण विचारतो. 'कसा मिळाला?' हे कुणी विचारत नाही. मी हल्ली घरातल्या ग्रुपवर ते विचारायला सुरुवात केलीय. किती लांबून काढला, किती वेळ बसला होतास, त्याने तुझ्याकडे पाहिलं का, आणि पाहिल्यावर तू काय केलंस? पहिल्यांदा भाचे वैतागले. परवा मात्र धाकट्याने स्वतःहून लिहिलं, 'मामा, लांडगा दिसला, पण बिळ जवळ होतं म्हणून परत फिरलो. फोटो नाही.' त्याला मी त्या दिवशी सगळ्यात मोठी शाबासकी दिली.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. बिळाची, घरट्याची जागा कुठेही लिहू नका. वाटाड्याला, नावाड्याला 'अजून पुढे' म्हणू नका, आणि तो थांबला तर चार पैसे जास्त द्या. आणि कुणाचा फोटो आवडला तर तो कसा मिळाला हे जरूर विचारा. उत्तर ऐकूनही तो आवडला तर मग खुशाल 'वा' म्हणा!

बघा पटतंय का. आणि हो, या हिवाळ्यात पिंपळीला नक्की या. पिठलं-भाकरी आहेच.