विक्रमी रस्ता आणि कॅज्युअल्टीची नोंदवही

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचे नाव गिनीज बुकात गेले. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण झाले. या रखडलेल्या रस्त्यावर वर्षानुवर्षे कंबर मोडून घेतलेल्या आम्हा वऱ्हाडकरांना आनंद झाला. मलाही झाला. पण रात्रपाळीच्या डॉक्टरला गुळगुळीत रस्त्याची दुसरी बाजूही दिसते. खड्डे गेले की वेग वाढतो. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात एक प्रसंग ठरलेला असतो. अंधार पडलेला, मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर मागून आदळलेली, पोरगा पंचविशीच्या आतला. हेल्मेट नसते. सोबत आलेला भाऊ सांगतो, "ट्रॉलीले लाइटच नोता जी, साहेब. दिसलीच नाही." ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. ट्रॉली दिसून मेंदूने हाताला 'ब्रेक दाब' असे सांगेपर्यंतच साधारण एक सेकंद जातो. पुढचे काम आमच्याकडे येते. कवटीच्या आत रक्तस्राव होतो, मेंदूला सूज येते, पण कवटीत फुगायला जागा नसते. त्यामुळे मेंदू दाबला जातो. एकेक मिनिट महागात पडते.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतली १५ हजार २२४ महाराष्ट्रातली. देशात हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून अधिक होते. असे आकडे छापून आले की सगळीकडून एकच मागणी होते, रस्ता सुरक्षेसाठी निधी आणा. मागणी रास्तच आहे. माझे म्हणणे एवढेच, की निधी मागण्याआधी आपण मोजायला शिकले पाहिजे.

मुंबईचे उदाहरण घ्या. २०१५ मध्ये ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या अमेरिकी संस्थेने रस्ता सुरक्षेच्या मदतीसाठी जगातली १० शहरे निवडली, त्यांत मुंबई होती. ही मदत डांबरासाठी नव्हती. अपघातांच्या नोंदींचा अभ्यास करणारी माणसे, चौकांची आखणी करणारे तज्ज्ञ आणि पोलिसांचे प्रशिक्षण यांवर तिचा भर होता. माणसे कुठे, केव्हा आणि कशाने मरतात हे आधी पाहायचे आणि मग चौकाला हात लावायचा, असा तो क्रम. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरही तेच झाले. तिथे २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. प्रत्येक मृत्यूचे कारण शोधत गेल्यावर पुढच्या काही वर्षांत ही संख्या निम्म्याच्याही खाली आली.

आपल्याकडे हा हिशेब कुठे आहे? पोलीस आता आयरॅड या प्रणालीत अपघात नोंदवतात, हे चांगलेच झाले. पण रुग्णालयाच्या नोंदवहीत 'आरटीए' एवढी तीन अक्षरे लिहून आम्ही मोकळे होतो. जागा कोणती, वेळ काय, समोर कोणते वाहन होते, हेल्मेट होते का, अपघातानंतर किती वेळाने रुग्ण पोहोचला, हे पाच रकाने भरायला दोन मिनिटे पुरतात. यात दोष माझ्याच पेशाचा आहे. अमरावती आणि अकोल्याच्या रुग्णालयांनी हे रकाने भरून दर महिन्याला जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवले, तर बडनेरा ते बोरगाव मंजू या पट्ट्यात पहिला दिवा कुठे लावायचा याचा वाद उरणार नाही. राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या तुकड्यात ३ वर्षांत ५ गंभीर अपघात किंवा १० मृत्यू झाले की त्याला ब्लॅक स्पॉट म्हणतात. नोंद नेमकी असेल, तर दहाव्या मृत्यूची वाट पाहावी लागणार नाही.

"लोकच नियम पाळत नाहीत, पैसे घालून काय होणार?" असे अनेकजण म्हणतात. लोक चुकतात हे खरेच. मीही थकून घरी जाताना चुकलो आहे. पण चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, एवढी सोय रस्त्याला करता येते. गावाच्या फाट्यावर दिवा, फाट्याआधी वेग कमी करायला लावणारे पट्टे, हंगामापूर्वी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टरची पट्टी. यांतल्या कशालाही विक्रमी खर्च लागत नाही. जिल्हा नियोजनाच्या निधीतून सुरुवात करावी, वर्षभरानंतर त्याच फाट्यावरचे मृत्यू पुन्हा मोजावेत आणि तो कागद हातात घेऊन मोठ्या अनुदानाच्या दारात जावे.

तोवर वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. हेल्मेट घालावे, त्याने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आणि अपघात दिसला की थांबून १०८ ला फोन करावा. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्याचे संरक्षण आहे.

७५ किलोमीटरचा विक्रम आपण पाच दिवसांत केला. आता याच रस्त्यावर एक वर्ष असे जावे, की रात्री दोन वाजता माझ्या दारात कुणाचा भाऊ उभा नसेल.